अंगातली जागल

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं ओसरीत बसून टेकोडे साफ केले. आमच्याकडं टेकोडे म्हणतात, पुस्तकात अळंबी म्हणत असतील. श्रावणात वारुळावर उगवतात. पांढरी छत्री, मधोमध टोक, आणि खाली लांबच लांब दांडी, ती थेट वारुळाच्या पोटात गेलेली. मी उजाडता-उजाडता जाऊन आणले होते. बांबूच्या टोपल्यात खाली पळसाचं पान, वर टेकोडे. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. बोटानं माती पुसायची, दांडीचं सालपट काढायचं, सुपात टाकायचं. चाकू-इळा लावायचा नाही. लोखंड लागलं तर पुढच्या साली त्या जागी उगवत नाहीत, असं आमच्यात मानतात. खरं-खोटं मला माहीत नाही. मी कधी लोखंड लावून पाहिलं नाही.

"सालपट काढा म्हनलं तर दांडीच मोडून राह्यले तुमी," ती म्हणाली.

मी म्हणालो, तुझ्यासारखे नाजूक हात नाहीत माझे.

"हाव. माहे लय नाजूक हायेत. इतके नाजूक का वाकडे होऊन गेले."

आणि हसली. तिची बोटं खरंच वाकडी होती, बोरीच्या मुळीसारखी. पण त्या सकाळी चांगली चालत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर लोकांनी वेगळं सांगितलं.

माझी शाळा चौथीपर्यंतची. लिहायची सवय नाही, आणि अलीकडं सकाळची बोटं लवकर वळत नाहीत, त्यामुळं अक्षर वाकडं येतं. वाचणाऱ्यानं वाचून घ्यावं.

आमचं गाव सुलतानपूरच्या अलीकडं. आम्ही आधी नागपूरच्या राज्यात होतो, मग मुंबईच्या राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. वारूळ आपलं त्याच बांधावर होतं. तिचं दुखणं महाराष्ट्र झाल्यावर सुरू झालं, म्हणजे चाळिशीच्या पुढं. आधी पायाच्या बोटांत. मग घोटे, गुडघे, मनगटं. सांधे सुजायचे, गरम व्हायचे, बारीक ताप राहायचा. सगळ्यांनी वात म्हटलं. निगडीचा पाला शेकून झाला, तेलं झाली, मेंढपाळाकडून डाग देऊन झाले. सूज उतरायची आणि परत यायची.

ती मात्र वात म्हणत नव्हती. एक दिवस ज्वारी निवडता-निवडता सरळ म्हणाली, "माह्या हाडात कोनीतरी चालते."

मी म्हणालो, काहीच्या बाही बोलू नको.

"बह्याड नाई झाली मी. आंगठ्यातून चढते. घोट्यात थांबते. मंग काठी आपटल्यावानी करते, अन् वर येते. जागल्या फिरते ना गावात, तसा."

जागल म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगावं लागेल. ज्वारीत दाणा भरला की आम्ही शेतात मचाणावर राहतो, डुकरांपासून आणि चोरांपासून पीक राखायला. मध्येच एक हाळी द्यायची. शेजारच्या शेतातला दुसरी हाळी देतो, तो जागा आहे हे कळतं. गावातही जागल्या असायचा, काठी आपटत फिरायचा. मी सारी उमर जागल केली. ती कधी आली नाही, बायका येत नाहीत. पण तिला ती चाल बरोबर ठाऊक होती. घरात पडून ऐकली असणार.

मी तिला म्हणालो, दाखव कुठं आहे तुझा जागल्या. तिनं गुडघा पुढं केला. मी थट्टेनं कान लावला, आणि तिनं पाय हळू दुमडला.

आत कोणी चालत होतं.

पाचोळ्यावर माणूस चालावा तसा आवाज. करकर, करकर, मग थांबलेला. मी कान काढून घेतला. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती. "आयकू आलं न," एवढंच म्हणाली आणि परत ज्वारी निवडायला लागली. जणू घरात इतके दिवस ती एकटी एका माणसाला ओळखत होती, आता मीही ओळखायला लागलो.

मग मी तिला एसटीनं मेहकरला नेलं. तिथं एक डॉक्टर होते, पुण्याकडचे, सावकाश बोलणारे. त्यांनी सांधे दाबून पाहिले, डोळे पाहिले, सुई लावून रक्त घेतलं. हाडात कोण चालतं ते मी सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

म्हणाले, "तुमच्या बायकोनं जे सांगितलं ते जवळजवळ खरं आहे. प्रत्येकाच्या अंगात राखण असते. बाहेरचं काही शिरलं की ती उठते, मारामारी करते. ताप म्हणजे तिचीच धावपळ. आपलं कोण आणि परकं कोण हे तिला कळतं, म्हणून आपण जगतो. यांच्यात ते कळेनासं झालंय. राखण घरच्यांनाच मारतेय."

तिनं विचारलं, त्याला काढून टाकता येतं का.

"काढला तर साध्या सर्दीनं जाल," डॉक्टर म्हणाले.

आता टेकोड्याची गोष्ट निघाली ती अशी. डॉक्टरांनी खाणंपिणं विचारलं, आणि तिनं सांगून टाकलं की मागच्या श्रावणात टेकोड्याची भाजी खाल्ली तेव्हा पंधरवडाभर हात मोकळे झाले होते, भाकरी थापता आली होती. त्याच्या आदल्या साली मात्र तीच भाजी खाल्ली आणि गुडघे मडक्याएवढे झाले. डॉक्टर जरा सरळ बसले. मला वाटतं त्यांना असल्या गोष्टींचा शौक असावा.

त्यांचं बोलणं मला जेवढं समजलं तेवढं लिहितो. अळंबी भाजीपाल्यासारखी वाटते, पण तिच्या अंगात मटणासारखा, डाळीसारखा भाग असतो. त्याला प्रथिनं म्हणतात. बहुतेक प्रथिनं पोटात गेली की त्यांचे तुकडे तुकडे होतात आणि ती आपलीच होऊन जातात. अळंबीतली काही चिवट असतात. ती अख्खीच आतड्यापर्यंत पोचतात, आणि आतड्याच्या भिंतीत राखण बसलेलीच असते. ती त्यांना चाचपून पाहते. एखादं प्रथिन पाहून राखणदार काठी घेऊन उठतो. एखादं असं असतं की त्याचा उगारलेला हात खाली येतो. एकाच छत्रीत दोन्ही जातीची असू शकतात.

मी म्हणालो, मग हिनं खावं का नाही ते सांगा.

"ते मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही अजून. परदेशात उंदरांवर काही करून पाहतायत, एवढं कानावर आहे." मग तिच्याकडं वळून म्हणाले, "खायचंच असेल तर चांगलं शिजवून खा. उष्णतेनं प्रथिनाचा आकार मोडतो, अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तसा. मग राखणदार ते सहसा ओळखत नाही. कच्चं मात्र तोंडात घालू नका. कच्चं तो लगेच ओळखतो. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला, तर त्याच क्षणी बंद."

गोळ्या दिल्या. त्या पांढऱ्या गोळ्यांनी दुखणं दबायचं आणि पोट जळायचं.

परत येताना एसटीत ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "डॉक्टरले त्याचं नाव ठाऊक नाई. बाकी समदं ठाऊक हाय."

त्यानंतरचे श्रावण आम्ही तसे काढले. वारुळाला आधी बायका नागपंचमीला हळद-लाह्या वाहून जायच्या, मग पाऊस, मग एखाद्या सकाळी पांढरं दिसायचं. मी गुपचूप जायचो. तिथं बोलायचं नाही, आणि एक टेकोडा वारुळाला ठेवून यायचं. ती भाजी चांगली रटरटू द्यायची, तिखट घालून. जेवण झालं की हात धुवायची आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसायची. मी समोर. दोघंही तिच्या बोटांकडं पाहायचो. पाहुण्याची वाट पाहावी तसं, पण पाहुणा पाय धुऊन बसणार का भांडी फोडणार ते माहीत नाही.

कधी ती म्हणायची, "बसला तो. काठी ठेवली त्यानं." त्या दिवशी तिची बोटं उघडायची. ती वेणी घालायची, माझ्या सदऱ्याचं बटण लावायची. कधी काही म्हणायचीच नाही, नुसती खाली पाहायची, आणि संध्याकाळपर्यंत मनगटं लाल व्हायची. त्याच वारुळाचे टेकोडे, तीच फोडणी. मी विचार करून थकलो. गावातले म्हणायचे, कशाला देतो तिला ते. त्यांना काय सांगणार? ज्या दिवशी तो बसायचा त्या दिवशी ती गाणं म्हणायची. मी वर्षभर त्या एका दिवसासाठी वारुळावर डोळा ठेवायचो.

एकदा मी वारुळाची एक दांडी फार खोल ओढली. दांडीबरोबर आतली ओली माती आली आणि वारुळातून गरम हवा हाताला लागली. माणसाच्या श्वासाएवढी गरम. वारुळात वाळव्या राहतात, त्यांची ऊब असते, एवढी अक्कल मला आहे. तरी मी हात सदऱ्याला पुसून घरी आलो, आणि तिच्या गुडघ्याला हात लावला तर अगदी तीच ऊब. हे मी तिला सांगितलं नाही.

तर त्या सकाळी आम्ही टेकोडे सोलत होतो. टोपलं रिकामं झालं, सूप भरलं. तिनं हात पदराला पुसले आणि विचारलं. अगदी मीठ कुठं आहे विचारावं तसं.

"मी मेल्यावर हा कुठी जाईन जी?"

मी म्हणालो, "कुठी जाते? तुह्यासंगच जळन."

"त्याले आग काय करन? ताप त्याचाच हाय. तो आगीतच राहते." ती सुपातल्या टेकोड्यांवरनं हात फिरवत राहिली. "मले मराचं भेव नाई. पन मेल्यावरबी हा संग आला तं? मंग मराचा फायदा काय?"

मला वाईट वाटलं की मला राग येतो. मी म्हणालो, "मंग माह्याकडं धाडून दे. मी पाह्यतो त्याच्याकडं. म्या डुकरं हाकलली, चोर हाकलले."

"तुमच्या हाडात त्याले काय भेटन? समदे दगड."

"दगड तं दगड. तू धाड."

तिनं माझ्याकडं पाहिलं. थट्टा करते का खरं ते मला ओळखू आलं नाही, सारी उमर आलं नाही. "बरं," म्हणाली. "धाडीन."

मग म्हणाली, जरा अंग टाकते, तुम्ही मिरची-मीठ काढून ठेवा, मी उठून फोडणी देईन. आतल्या खोलीत गेली. मी मिरच्या काढल्या. मीठ काढलं. गोठ्यात जाऊन बैलाला पाणी दाखवून आलो. परत आलो तर घर शांत होतं. ती कुशीवर, हात उशाखाली. मी हाक मारली, मग जवळ जाऊन हात लावला.

तिनं टेकोडे खाल्ले नव्हते. सूप जसंच्या तसं होतं. गावात बोलले की टेकोड्यानं गेली. खोटं आहे. काळीज थांबलं, एवढंच. झोपेतच.

शेजारी माझी वहिनी राहते, थोरल्या भावाची विधवा. तिनं बायका जमवल्या, पाणी तापवलं. आंघोळ घालायच्या आधी मी म्हणालो, थांबा जरा. मी खाली बसलो आणि तिच्या गुडघ्याला कान लावला. पाय हळू दुमडून पाहिला. अजून ताठला नव्हता.

आवाज आला नाही.

दुसऱ्या गुडघ्याला लावला. मग घोट्याला. मग मनगटाला. कुठंच कोणी नव्हतं. रिकाम्या घराच्या भिंतीला कान लावल्यासारखं. वहिनीनं मला खांद्याला धरून उठवलं. "भाऊजी, उठा. लोक पाहून राह्यले." बायकांना वाटलं माझं डोकं फिरलं. मी मात्र बरा होतो. मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं, की तो तिच्यात नाही. आणि लगेच दुसरा विचार आला की मग कुठं आहे.

आम्हाला मूल नव्हतं. अग्नी मी दिला. दिवस मावळायच्या आत सगळं झालं.

घरी आलो तर वहिनीनं तिची झोपायची जागा सारवून घेतली होती. आमच्यात रीत आहे. जिथं जीव गेला तिथं चाळलेली राख पसरायची, दिवा लावायचा आणि वर टोपलं पालथं घालायचं. सकाळी उचलून पाहायचं. राखेत जी खूण उमटते त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेलं ते बायका सांगतात. पाखराचं पाऊल, गाईचं खूर, असं. वहिनीनं हाताला लागलं ते टोपलं घेतलं. मी पाहिलं, ते टेकोड्याचंच होतं. बोललो नाही. त्या वेळी टोपल्यावरून काय बोलायचं.

चूल पेटली नाही. सुतकात पेटत नाही. वहिनीनं तिच्या घरून पिठलं-भाकरी आणली, कडू घास म्हणून एक घास खाल्ला. मी ओसरीत पडलो. सूप माझ्या उशाशी होतं, वर ओलं फडकं. झोप लागली असावी.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर वहिनी आणि दोघी-तिघी बायका आल्या. टोपलं उचललं. दिवा विझलेला होता. राखेवर खूण होती.

पाऊल नव्हतं, खूर नव्हतं. फिकट, गुलाबीसर पांढरी भुकटी, राखेवर कोणी हळूच फुंकल्यासारखी. दिव्यापाशी गोल वळसा होता, आणि मग एक पट्टा वाकत वाकत राखेच्या कडेपर्यंत गेलेला. एक बाई म्हणाली पाखराचा पंख. वहिनी म्हणाली पंख नाही, नागाचा माग आहे, वारुळात गेली बाई, तिथलंच खायची. सगळ्यांनी हात जोडले.

मी टोपलं उलटं करून आत पाहिलं. बुडाला एक छत्री चिकटलेली होती, दांडी तुटलेली. सोलताना राहिली असणार. छत्रीच्या खालच्या चिरांतून पीठ झडतं, हे मी गोणपाटावर कैकदा पाहिलंय. दिव्याच्या उबेनं ते फिरलं असेल आणि वळसा पडला असेल. मला सगळं समजलं. बायकांना मी सांगितलं नाही. नागाचा माग म्हणतात तर म्हणोत.

पण तो पट्टा ओसरीच्या बाजूला गेला होता. माझं अंथरूण होतं त्या बाजूला. पीठ कुठंही झडलं असतं. घराला चार दिशा आहेत.

बायका गेल्या. वहिनी चहा आणते म्हणून तिच्या घरी गेली. मी सुपावरचं फडकं काढलं. खुडलेले टेकोडे तशा बंद फडक्यातही उमलले होते. काल मिटलेले होते ते आज तळहाताएवढे. सोललेल्या दांड्यांवर तिच्या बोटांचे दाब होते, जागोजागी जरा काळे पडलेले.

चूल पेटवायची नव्हती. आणि डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मला पाठ होतं. कच्चं तो लगेच ओळखतो.

मी एक उचलला, तिच्या हातचा, आणि चावला. मातीचा आणि ओल्या मांसाचा वास आला. दुसरा खाल्ला. मीठ काढून ठेवलेलं होतं, ते घेतलं नाही. पोट भरेपर्यंत खाल्ले. एक ठेवला, तो वारुळाला द्यायचा म्हणून बाजूला काढला.

मग गुडघा जवळ ओढून कान लावायला गेलो. स्वतःच्या गुडघ्याला कान पोचत नाही.

म्हणून भिंतीला टेकलो, पाय लांब केले, तिची जागा होती तिथंच. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि बोटांकडं पाहत बसलो.